एका गाण्याला पाच टॅग

"एका गाण्याला पाच टॅग कशाला लागतात रे?" फेलेतीनं विचारलं आणि खुर्ची अशी ओढून घेतली की मेहुण्याच्या खांद्यावरून थेट लॅपटॉप दिसावा.

उइली मान वर न करता टाइप करत राहिला. मांगेरे उपनगरातल्या त्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नव्हती. नुसते स्पीकर, वायरी, गुंडाळलेल्या चटया, आणि मधोमध हा लॅपटॉप, फेलेतीनं जन्मभर जमवलेल्या गाण्यांचा. लग्न असो की चर्चची जेवणावळ, डीजे फेलेतीच. लॅपटॉपला त्यानं आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. बायकोच्या भावाला दिलं, तेही बायको रुसून बसली म्हणून.

"बघा ना दाजी, हे गाणं रेगे आहे. संथ आहे. सामोआचं आहे. जेवताना चालतं. आणि पाचवा टॅग, मावश्या नाचायला उठतात."

"मावश्या कशानं उठतात ते मला टॅग सांगणार? पहिला ठोका कानात पडला की मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो. पण कुणालाही सापडायला हवं."

कुणालाही म्हणे. फेलेतीच्या डोक्यात तो शब्द किड्यासारखा वळवळायला लागला. दुसऱ्याच्या घरातली भांडी माणूस इतकी नीट का लावतो? उचलून न्यायची असतात म्हणून, दुसरं काय.

"तुझ्या त्या चुलतभावानं डीजे व्हायला नवे स्पीकर घेतलेत म्हणे," तो म्हणाला.

"घेतलेत."

"स्पीकर आले. आता गाणी कुठून आणणार बिचारा?"

उइलीचे हात थांबले. "दाजी, आडून बोलू नका."

"बरं, सरळ बोलतो. मागच्या शनिवारी माझी अब्रू कुणी घालवली?"

ती गोष्ट आता सगळ्या मांगेरेला तोंडपाठ होती. लग्नात लोक जेवायला बसलेले, आणि संथ गाण्याच्या जागी फेलेतीकडून ताउआलुंगा नाचाचं गाणं लागलं. तो नाच सगळ्यात शेवटी, नवरीनं डोक्यावर मुकुट चढवून नाचायचा. तो झाला की घरी जायचं, पुढे काही उरत नाही. सूर ऐकून म्हाताऱ्या ताटं सोडून नाचायला उठल्या. नवरीच्या हातात कोंबडीची तंगडी, डोक्यावर काही नाही. पास्टरनी तर समारोपाची प्रार्थनाच सुरू केली. केक तसाच राहिला, पोरगी ढसाढसा रडली. त्यानंतर दोन घरांनी फेलेतीला "बघू, कळवतो" म्हटलं होतं. असं तिसरं घर निघालं तर त्याला स्पीकर विकायला काढावे लागणार होते.

"त्या गाण्याला संथ हा टॅग तूच चिकटवलास," फेलेती म्हणाला. "मुद्दाम."

"मी टॅग लावायला बसलो सोमवारी. लग्न झाल्यावर."

"त्याआधी गुपचूप लॅपटॉप उघडला नसशील कशावरून?"

संशयी माणसाला साक्षात देवानं येऊन सांगितलं तरी तो देवालाच विचारेल, तुला कुणी पाठवलं?

"एकाच बँडची दोन गाणी, यादीत शेजारी शेजारी," उइली हळू आवाजात म्हणाला. "लावण्याआधी तुम्ही डाव्या कानाला हेडफोन धरता ना? त्या दिवशी धरला होता?"

"न धरता लावेन होय? तीस वर्षं हेच करतोय."

"आणि काय ऐकू आलं?"

"हॉलमध्ये किती गोंगाट होता तो," फेलेती म्हणाला.

लुपे, त्याची बायको, दारात अळकुड्या सोलत बसली होती. तिनं सुरी खाली ठेवली. उइलीनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एक गाणं लावलं आणि हेडफोन फेलेतीपुढे धरला. फेलेतीनं तो नेहमीच्या ऐटीत डाव्या कानाला लावला. जरा वेळानं त्याला हसू फुटलं.

"वायर कोण जोडणार, तुझा चुलतभाऊ?"

उइलीनं वायरीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं फेलेतीच्या कानाचा हेडफोन काढून बहिणीला दिला. लुपेनं ओले हात कमरेला गुंडाळलेल्या कापडाला पुसले आणि तो एका कानाशी धरला. तिचा मोकळा हात हळूच वर आला. मनगट वळलं, बोटं उलगडली, गुडघे किंचित लवले. नवऱ्याकडे न बघता ती ताउआलुंगा नाचू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फेलेतीनं हेडफोनच्या वायरीकडे पाहिलं; ती जोडलेलीच होती. मेहुण्याच्या तोंडाकडे बघायची त्याला लाज वाटली. बायको नाचायची थांबेपर्यंत तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग खुर्ची लॅपटॉपजवळ सरकवून म्हणाला,

"टॅगची अक्षरं जरा मोठी कर. हॉलमध्ये उजेड कमी असतो."