स्थळ

बायको दवाखान्यात वारल्याचा फोन आला, तेव्हा तिने अर्धी निवडलेली सुकट ओट्यावर ताटात होती. महादेवने ती बरणीत भरून झाकण लावलं. सहा महिन्यांनी तो जेवत असताना सातवीतली लेक मनस्वी वही घेऊन आली. “बाबा, हे स्थळ चालेल?” त्याने घास ताटात ठेवला. “आत्या बोलली काय तुला? मला नाय दुसरं लगीन करायचं.” मनस्वीने वही पुढे केली. “गोष्टीचं स्थळ, बाबा. बाई म्हणाल्या, माणसं बोलत नाहीत ते जागेने सांगायचं.” वहीत होतं: ‘स्थळ: आमचं स्वयंपाकघर, करंजाडे. बरणीत आईची सुकट आहे. बाबा ती शिजवत नाहीत, टाकतही नाहीत.’ वही मिटत तिने विचारलं, “आत्याने स्थळ आणलंय?” “तिला नको म्हणून सांगतो मी,” महादेव म्हणाला. रविवारी पाहुणे यायचे आहेत. बहिणीला त्याने अजून फोन केलेला नाही.