हळदीचं बोट

तपासणीची गाडी कुरुंद्यात आली आणि पंचफुलाबाई तिच्या दाराशी हळदीची वाटी घेऊन बसल्या. शेळ्यांना लस टोचायच्या दिवशीही त्या अशाच बसत. टोचलेलीच्या पाठीवर गेरूचं बोट ओढलं की एकही चुकून राहत नसे. आज छातीची तपासणी करून उतरणाऱ्या बाईच्या कपाळाला हळद लागत होती, सवाष्ण असो की विधवा.

"मशीन लई दाबतंय म्हणं," शेजारची द्वारका मागं सरली. "अन् त्या किरणांची तकलीफ?"

"डाक्टरीणबाई म्हणल्या, किरणं जराशीच असतेत. अन् गाठ हाताला लागायच्या आधी त्यात दिसती. तुझ्यापरीस शेळी बरी, एकदा ओरडती अन् मोकळी व्हती. चढ वर."

दुपारपर्यंत गल्लीतली कपाळं पिवळी झाली. शेवटी सून साधना उतरली. हळद लावून घेताना तिला सासूचं कपाळ कोरं दिसलं.

"आत्याबाई, तुमी काहून न्हाई गेल्या?"

पंचफुलाबाईंनी वाटी पदराखाली घेतली. "मला लागलीय गं एक गाठ. दिवाळीपासून."

साधनानं वाटी काढून घेतली आणि सासूला दंडाला धरून वर चढवलं. खाली एकही बाई घरी गेली नाही.

मशीन झालं, सोनोग्राफी झाली. गाठ पाण्याची निघाली, साधी. मग खाली थांबलेल्या प्रत्येकीनं पंचफुलाबाईंना एकेक बोट लावलं; वाटीत हळद उरली नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं, नामाजीनं, बायकोचं पिवळंधमक तोंड निरखलं.

"एकीला एकच बोट असतंय ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "पन मी चुकून राहिले व्हते."