आठ ठोक्यांची हळद

सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण मुरबाडात एका मोबाइलच्या दुकानावर गाणी रेकॉर्ड करायची खोली आहे, तिथं डोळखांब गावचा कोंबडासुद्धा ठोक्यावर आरवतो. खोलीचा मालक अक्षय. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठोक्याठोक्याला उभ्या रेघा असतात. कुणाचा आवाज रेघेच्या अलीकडे पडला, कुणाचा पलीकडे, की हा माउसने त्याचं बखोट धरतो आणि रेघेवर आणून उभा करतो. गावाकडच्या माणसाला टाइमच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. स्वतः अकराची खोली एकला उघडतो.

बुधवारी बायडी धवलेरी आपलं गाणं ऐकायला आली. धवलेरी म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी; पाड्यांवर हळदीची गाणी म्हणायची तर तिनंच. माघात तिने इथं गाऊन ठेवलं आणि पुढच्याच महिन्यात तिचा गळा गेला. आता नुसतं बोलायचं तरी घरघर होते. रविवारी नातीची, वर्षाची हळद. तिथं हेच लावायचं होतं.

अक्षयने बटण दाबलं. गाणं सुसाट निघालं.

"माझं थांबनं कुठं गेलं रे?"

"तेच तर काढलं, मावशी. ओळ झाली की तू झोपाच काढतेस. कुठं चार ठोके, कुठं वीस. आता सगळीकडे आठ. एकदम टाइमात."

"झोपा नाय काढत. नाव घेतलं का ती बाई उठून येते, नवरीला हळद लावते. लावून सरकली का मंग फुडचं नाव."

"इथं कोण आलेलं हळद लावायला? समोर तर मीच होतो."

"तुला कोन बघतंय? माझ्या डोल्याफुडं त्या व्हत्या. आधीचं लाव."

आधीचं त्याने जागा अडते म्हणून कधीच पुसून टाकलं होतं. पण रेघा न समजणाऱ्या बाईला काय कळणार? त्याने तेच गाणं पुन्हा काढलं, आवाज बारीक केला, जुनं वाटावं म्हणून चिमूटभर खरखर घातली.

"हे घे, ओरिजिनल. मी हातसुद्धा लावलेला नाही."

बायडीने डोळे मिटले. गीताबाईचं नाव गेलं. मालूचं गेलं. मग बायडीच्या थोरल्या जावेचं, हिरीचं. आणि लागलीच चौथं.

तिने डोळे उघडले.

"खोटं बोलतोस रे! हिरीला गुडघ्यावर हात देऊन उठाया लागतं. ती अजून उठलीच नाय, आन तू तिची हळद लावून मोकला झालास?"