उघडं दार
१९७१ साली विमा कंपनीला कळलं, की आम्ही बेटावरची माणसं गोठलेल्या सुपीरियर सरोवरावरून गाड्या नेतो, आणि आमच्या नव्या गाडीचा विमा रद्द झाला. वाट दाखवायला बर्फात नाताळची जुनी झाडं रोवायचो, गाडीचं दार उघडं ठेवूनच जायचो. बर्फ फुटला, की उडी मारायची. “आता बुडाली तर दमडी मिळायची नाही. मी नाही सोडणार तिला,” माझा नवरा आयनो म्हणाला. “मग तिच्याशीच लग्न करायचं होतंस!” मार्चमध्ये किनाऱ्यावरून मी पाहिलं, त्याची गाडी बर्फ फोडून बुडाली. मी त्याला हाका मारत सुटले. मग बर्फात रोवलेल्या झाडामागून तो सरपटत आला. “सोडलीस तिला?” मी रडत विचारलं. “लग्न तुझ्याशी केलंय ना!” पुढं कैक वर्षांनी आयनो म्हातारा होऊन घरीच, अंथरुणात वारला. मी अजून दरवर्षी आमचं नाताळचं झाड त्या वाटेवर रोवायला देते. गाडी तळाशी आहे, दार उघडं टाकून.