एकशे चाळीस नॉट

विमान धावपट्टी ओलांडून थेट कुंपणात घुसलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं झळकली.

"आज हे तिसरं," बाई दारातूनच म्हणाल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या या बाईंना विमानाची भारी भीती. बावीस वर्षांपूर्वी एकदाच बसल्या होत्या. उतरतानाचा दणका त्यांच्या मनातून गेला नव्हता. लेक परदेशात. नात दोन वर्षांची झाली, तीही फोनवरच दिसायची. "पुढच्या वर्षी बघू," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

आणि आता यजमानांनी महिनाभर हा खेळ मांडला होता. रोज बाईंच्या देखत विमान आपटायचं.

"अहो, रिकामं विमान आणि भरलेलं विमान एकाच वेगाने कसं उतरेल?" बाईंना शेवटी राहवलं नाही.

"मग तूच सांग." यजमानांनी विमानाची माहितीपुस्तिका पुढे सरकवली.

बाईंनी चष्मा चढवला. एवढ्या वजनाला एकशे चार नॉट वेगाच्या खाली विमान हवेत तरंगत नाही. त्याची एक पूर्णांक तीन दशांश पट, म्हणजे एकशे पस्तीस. समोरून वारा दहाचा; त्याच्या निम्मे, आणखी पाच.

"एकशे चाळीस. कमी नको, जास्त नको."

विमान मांजराच्या पावलांनी उतरलं.

मग वह्या भरू लागल्या. पाऊस, सोसाट्याचा वारा, आखूड धावपट्टी. बाई आकडा सांगायच्या, यजमान उतरवायचे. पंधरा दिवसांनी "सरका जरा" म्हणत बाई स्वतःच खुर्चीत बसल्या. खरे वैमानिकही असंच मोजूनमापून उतरतात, देवाच्या भरवशावर नाही, हे कळलं आणि भीती हळूहळू विरली.

रविवारी त्यांनीच लेकीला फोन लावला. "तिकिटं काढ. आम्ही येतोय."

पलीकडे लेक हसत होती की रडत होती, कळेना.

"आणि बाबांना विमान उतरवायला मी शिकवलं, बरं का. रोज आपटायचे बिचारे."

यजमान घाईघाईने पाणी आणायला उठले.

"आपटायचे?" लेक म्हणाली. "आई, बाबा वर्षभर मला व्हिडिओ पाठवतायत. एकदाही साधा धक्का बसला नाही."