हॉल पाडण्याचा अर्ज

"अर्ज कोणी केलाय, एवढंच विचारतोय मी!" मास्तरांनी नगरपालिकेच्या कारकुनाच्या टेबलावर तिसऱ्यांदा हात आपटला.

"आवाज खाली, साहेब. ताल धरायला तुमचा हॉल आहे," कारकून फायलीतून मान वर न काढता म्हणाला.

मास्तर बावीस वर्षं वृंदगान शिकवत होते आणि चौदा महिने नगरसेवक होते. तिकडे त्यांच्या एका बोटाच्या इशाऱ्यावर सगळा वृंद गप्प होई. इकडे एक कारकून बधत नव्हता.

कुणा नतद्रष्टानं मागणी केली होती, की तालमीचा जुना हॉल पाडून तिथे गाड्या लावायची सोय करा. आज चार वाजता त्यावर मतदान होतं. हॉल गेला की वृंद मोडला; दुसरी जागा मास्तरांनी शोधून पाहिली होती, मिळाली नव्हती.

निवडणुकीला उभे राहा, हा हट्ट वृंदाचाच. "तुमच्यासारखा माणूस तिथेच हवा," म्हणत सगळे त्यांच्यासाठी दारोदार फिरले होते. त्या मायेची मास्तरांनी पुरेपूर परतफेड केली. सभा दुपारी, तालीम संध्याकाळी, आठवड्याचे सहा दिवस. निवडून आल्यापासून त्यांनी एकही तालीम बुडवली नव्हती. कुणाला बुडवू दिली नव्हती. भाचीच्या लग्नाची सबब सांगणाऱ्याला त्यांनी पत्रिका आणून दाखवायला लावली होती.

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती, "जाऊ द्या हो तो हॉल. भिंतींना ओल आलीय."

"अगं, तुझा वरचा सूर त्याच भिंतींनी घडवलाय!"

तिनं डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं होतं.

पावणेचारला कारकून वैतागला. "घ्या, बघा एकदाचं. पण माझं नाव कुठे घेऊ नका."

मास्तरांनी चष्मा पुसून लावला. अर्जाखाली पानभर सह्या होत्या. अकारविल्हे नव्हत्या, घरनंबराप्रमाणेही नव्हत्या. आधी उंच आवाजाच्या बायका, मग खालच्या पट्टीतल्या, मग पुरुष, शेवटी खर्जवाले. रोज तालमीला उभे राहतात, अगदी त्याच ओळीनं.

पहिली सही बायकोची होती.