एका ओळीचा नियम

"महिनाभरात एकही तक्रार नाही!" मालकांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात डोकं."

डोकं जावयाचं होतं. पंख्यांच्या कारखान्यातले तक्रारीचे फोन त्यानेच बंद करवले आणि वेबसाइटवर तक्रार लिहायला एक चौकोन ठेवला. लोक त्यात वाटेल ती चिन्हं खुपसतात, म्हणून एका ओळीचा नियम लिहिला. अक्षरं आणि काना-मात्रा, बाकी काही आत घ्यायचं नाही. हे तो सासऱ्यांना तिसऱ्यांदा समजावत होता, आणि सासरे पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावत होते. दोघे एकमेकांना अगदी शोभत होते.

समोर तक्रारी घेणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तेव्हा बाई, आता तुमचं काम काय उरलं?" मालक म्हणाले. "उद्यापासून नका येऊ."

"साहेब, माझ्या एकटीच्या पगारावर घर चालतं. आणि पंखे तर तेच आहेत. तक्रारी अशा एकदम थांबतील कशा?"

"लोक खूश आहेत म्हणून," जावई म्हणाला. "तुम्हाला काही म्हणायचंय ना? मग चौकोनात लिहा. नियम सगळ्यांना सारखा."

त्याने भीक घातल्यासारखा लॅपटॉप पुढे सरकवला. बाईंनी उभ्या उभ्या 'पंखा' लिहिलं. चौकोनाची कड हिरवी. पुढच्या शब्दासाठी जागा सोडली, तर कड लाल. 'कृपया योग्य अक्षरे वापरा.' जागा खोडली, हिरवी. सोडली, लाल.

दोन शब्दांमधली मोकळी जागाच आत घ्यायला हा दिवटा विसरला होता! एका शब्दात कोण तक्रार करतं? महिनाभर माणसं त्या लाल कडेवर डोकं आपटत होती, आणि इथे पाठ थोपटणं चाललं होतं. बाईंनी सांगायला तोंड उघडलं.

"टायपिंग येत नाही वाटतं?" जावई हसला. "शाळेतल्या पोरांनाही जमतं हो हे."

सांगितलं असतं तर नोकरी वाचली असती. पण ती यांच्याच हाताखाली. बाईंनी तोंड मिटलं, एकच शब्द लिहिला आणि बटण दाबलं. मग पर्स उचलून त्या दाराकडे निघाल्या.

"बघा, घेतलं की नाही!" जावयाने न वाचताच लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला.

मालकांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "मिळालेला अभिप्राय : गाढवांनो. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."